पाच तारखेचा हप्ता

पावतीवरचा शिक्का लंबगोल होता. लांबी एकतीस मिलिमीटर, रुंदी एकोणीस, मधोमध 'रक्कम मिळाली' अशी अक्षरं आणि 'मिळाली'तल्या शेवटच्या वेलांटीचा शेंडा झिजलेला. गोदावरी गायधनीकडे अशा सत्त्याहत्तर पावत्या होत्या. पहिल्या पाच जुन्या कारकुनाच्या हातच्या, त्या तिने विचारात घेतल्या नव्हत्या. उरलेल्या बहात्तर मयूर सांगळ्यांच्या. कोनमापक लावून पाहिलं तर त्यांतल्या एकोणसत्तर पावत्यांवर शिक्का छापील ओळीला समांतर पडला होता, फरक दोन अंशांच्या आत. रांगेत पुढे असलेल्या माणसांच्या पावत्याही ती तिरप्या नजरेने पाहून घेई. तिथे शिक्का पंधरा-वीस अंश कलंडलेला असे, एकदा तर चक्क उलटा. म्हणजे सांगळ्यांचा हात मुळातच सरळ होता असं म्हणायला जागा नव्हती. तो फक्त तिच्या पावतीवर सरळ होत असे.

दुसऱ्या एखादीने यावरून केव्हाच काय तो निष्कर्ष काढला असता. पण गोदावरी सिन्नरला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गुणवत्ता तपासत असे, आणि एका निरीक्षणावर गोळ्यांचा डबासुद्धा पास करायचा नाही, हा तिथला नियम तिने घरीही आणला होता. सांगळ्यांना एकदा स्पष्ट विचारायचं, असं तिने तीन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. पण प्रत्येक पाच तारखेला तिला वाटे, अजून एक नमुना घ्यावा. हप्ते एकतीस शिल्लक होते. घाई कुणाला होती?

हे कर्ज तिने एम.एस्सी.साठी 'बारकूअण्णा विद्यार्थी निधी'कडून घेतलं होतं. व्याज नाही, हप्ता दोन हजार आठशे पन्नास, एकूण हप्ते एकशे आठ. "जपमाळच की गं," असं वरच्या मजल्यावरच्या धोंडाबाई म्हणाल्या होत्या. नंतर गोदावरीचा पगार दुप्पट झाला, पण हप्ता वाढवायचं तिला सुचलं नाही. निधीच्या कार्यालयात खिडकीवर ऑनलाइन पैसे भरायचा चौकोन चिकटवून चार वर्षं झाली होती. "माझा त्या चौकोनावर विश्वास नाही," असं ती सांगे. दिवसभर पंचेचाळीस लाखांच्या यंत्रावर काम करणाऱ्या बाईने हे सांगावं आणि सांगळ्यांनी गंभीरपणे मान डोलवावी, यात दोघांनाही काही वावगं वाटत नसे. पाच तारखेला कंपनीची बस तिला नाशिकच्या द्वारका चौकात सोडी. टायरच्या दुकानावरचा जिना चढून ती बरोबर तीन हजार रुपये पुढे करी. दीडशे सुटे शोधायला सांगळ्यांना चार मिनिटं लागत. त्यांच्या गल्ल्यात सुटे पैसे खच्चून भरलेले तिला खिडकीतून दिसत, पण तिने कधी तसं बोलून दाखवलं नाही.

असं सगळं सुरळीत चालू असताना माफी आली.

पत्र वाचलं गोरक्षरावांनी, म्हणजे गोदावरीच्या वडिलांनी. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून तीस वर्षं काढल्यामुळे घरातलं विजेचं बिलसुद्धा ते फलाटावर ऐकू जाईल अशा आवाजात वाचत. "कळविण्यात आनंद होतो की," त्यांनी सुरुवात केली आणि जिन्यावरून धोंडाबाईंच्या चपलांचा आवाज यायला लागला, "संस्थापक बारकूअण्णा बोरस्ते यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त सर्व एकशे बारा कर्जदारांचे उर्वरित कर्ज माफ करण्यात येत आहे. सत्कार समारंभ अठ्ठावीस तारखेस. उपस्थिती प्रार्थनीय."

"किती राहिलं होतं?" धोंडाबाईंनी दारातूनच विचारलं.

"अठ्ठ्याऐंशी हजार तीनशे पन्नास," गोदावरी म्हणाली. तिचा चेहरा अपघाताची बातमी ऐकल्यासारखा झाला होता.

"बघ की, आनंदाने पोरीला बोलता येईना," धोंडाबाई म्हणाल्या.

आई तोवर आत फोनवर होती. कारण गेली सहा वर्षं या घरात एक करार होता. कर्ज फिटेपर्यंत माझ्या लग्नाचं नाव काढायचं नाही, असं गोदावरीने सांगितलं होतं आणि आईने ते पाळलंही होतं. नाव काढलं नाही, पण वहीत नावं लिहून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत पिंपळगावच्या मावशीमार्फत तीन स्थळं रांगेत उभी राहिली. म्हणजे एकाच पत्राने गोदावरीची पाच तारीखही गेली आणि संरक्षणही.

पुढच्या पाच तारखेला ती नेहमीप्रमाणे जिना चढली आणि तीन हजार रुपये खिडकीत सरकवले. सांगळ्यांनी नोटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"खातं बंद झालंय, मॅडम."

"उघडा."

"उघडायला नवीन कर्ज घ्यावं लागतं."

"द्या मग."

"त्याला नवीन शिक्षण घ्यावं लागतं."

गोदावरीने क्षणभर पीएच.डी.चा विचार केला. पण त्याला मार्गदर्शक मिळेपर्यंतच दोन वर्षं जातात, असं तिच्या मैत्रिणीने सांगितलं होतं.

"मला ही माफी नकोय," ती म्हणाली.

सांगळ्यांचं पेन थांबलं. "नको म्हणजे?"

"नको म्हणजे नाकारायची आहे. त्याची काही पद्धत असेल ना?"

पद्धत नव्हती. निधीच्या इतिहासात पैसे नको म्हणणारा माणूस आजवर आलाच नव्हता. पण सांगळे सरळमार्गी कारकून होते. जिथे पद्धत नाही तिथे अर्ज असतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी एक कोरा कागद घेतला, पट्टीने रकाने आखले आणि म्हणाले, "दोन प्रतींत लागेल. आज एक लिहू. दुसरीसाठी उद्या आलात तर बरं होईल."

"येते," गोदावरी म्हणाली. एका महिन्यात दोन भेटी! तिच्या पावत्यांच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं.

शेवटचा रकाना 'कारण' असा होता. सांगळ्यांनी मान वर न करता विचारलं, "काय लिहू?"

हीच ती वेळ होती. खिडकीत कुणी नव्हतं, खाली टायरवाल्याची हवा भरायची मोटरसुद्धा बंद होती. गोदावरीने खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "तत्त्व."

"तत्त्व," सांगळ्यांनी लिहिलं. त्यांनी 'त्त्व' फार सावकाश काढला.

दुसऱ्या प्रतीनंतर प्रतिज्ञापत्र लागतं असं निघालं. कोर्टाबाहेरच्या नोटरीने पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरचा मजकूर दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि विचारलं, "ताई, 'नको' हा शब्द टाईप करताना चुकून आलाय का?" तिने नाही म्हणून सांगितल्यावर त्याने शेजारच्या दोन वकिलांना बोलावून तिला दाखवलं. त्यातल्या एकाने हात जोडले. गोदावरीला हे सगळं आवडत होतं असं नाही. पण प्रत्येक कागदाला पोहोच लागते आणि पोहोच द्यायला सांगळे लागतात, एवढ्या आधारावर ती कोर्टाच्या तीन फेऱ्या आनंदाने करून आली.

इथपर्यंत हा तिचा खाजगी मामला होता. पुढे तो तसा राहिला नाही, आणि याला कारण झाली आपली एक जुनी खोड. गावची पतपेढी असो की गृहनिर्माण सोसायटी, सभेत खुर्च्या उडाल्या तरी इतिवृत्ताच्या शेवटी 'ठराव सर्वानुमते मंजूर' असं लिहायचंच. कर्जमाफीच्या ठरावातही तसंच लिहिलं होतं, आणि वर 'सर्व कर्जदारांच्या लेखी संमतीने' अशी भर होती. आजवर असल्या भरीकडे कुणी ढुंकून पाहिलं नसेल. पण हिशेबतपासनिसाच्या हातात गोदावरीचं प्रतिज्ञापत्र पडलं आणि तो म्हणाला, सर्व म्हणजे सर्व. एकीची संमती नाही, तर एकशे बाराही जणांची माफी स्थगित.

तिसऱ्या दिवशी गायधनींच्या दारात अकरा जोड चपला होत्या. कर्जदारांच्या शिष्टमंडळाचा पुढारी रिझवान शेख. निधीच्याच पैशावर त्याने मोटर मेकॅनिकचा कोर्स केला होता आणि आता द्वारकाजवळ त्याचं गॅरेज होतं.

"ताई, आम्ही भांडायला आलेलो नाही," तो म्हणाला.

"मग बसा ना," गोरक्षराव म्हणाले.

"नाही काका, बसायला वेळ नाही. थोडं भांडायलाच आलोय." तो तरीही बसला. "ताई, तुमचा स्वाभिमान एकदम टॉप आहे, मी घरी पण सांगितलं. पण माफीच्या भरवशावर मी कंप्रेसर बुक केलाय. दुकानदार रोज फोन करतो. आता तुमच्या स्वाभिमानाचा हप्ता मी का भरायचा, एवढंच सांगा."

गोदावरीकडे उत्तर होतं, पण ते अकरा जणांसमोर देण्याजोगं नव्हतं. तिने सगळ्यांना चहा केला. धोंडाबाईंनी मध्यस्थी म्हणून सुचवलं की गोदावरीने माफी घ्यावी आणि तेवढीच रक्कम सोसायटीच्या लिफ्टला द्यावी, म्हणजे स्वाभिमानही राहील आणि लिफ्टही होईल. त्यांचे गुडघे दुखत असल्यामुळे या तोडग्यात त्यांचा काही स्वार्थ आहे असं कुणी म्हणू नये, हेही त्यांनी स्वतःच सांगितलं.

त्यानंतर बातमी आली. एका स्थानिक दैनिकात 'माफी नाकारणारी लेक' असा मथळा, खाली गोरक्षरावांची मुलाखत. "आमच्या घरात विनातिकीट प्रवास कुणी केलेला नाही," असं त्यांनी सांगितलं होतं. बातमीपाठोपाठ वॉर्डातल्या एका इच्छुक उमेदवाराने द्वारका चौकात फ्लेक्स लावला: 'नाशिकची स्वाभिमानी कन्या'. त्यासाठी त्याने आईकडून गोदावरीचा फोटो नेला होता, आणि आईने सगळ्यांत चांगला म्हणून बारावीचा दिला होता. दोन वेण्या, त्यांवर लाल रिबिनी, कपाळावर मोठी टिकली. फ्लेक्स वीस फूट लांब होता. उमेदवार स्वतः तिच्या दुप्पट आकारात हात जोडून उभा होता. कंपनीच्या बसमधून रोज सकाळी चाळीस सहकारी तो फ्लेक्स पाहत आणि मग मान वळवून तिच्याकडे पाहत. ती पुढच्या सीटच्या पाठीकडे पाहत राही.

माफी नाकारली की निदान स्थळं तरी थांबतील, असा तिचा हिशेब होता. तोही चुकला. मावशीचा फोन आला. "अगं, तीनाची सात झाली. बेदाण्याचे व्यापारी आहेत ना, ते म्हणाले, जी मुलगी दुसऱ्याचं फुकट घेत नाही, ती सासऱ्याचं काय उधळणार? अशीच सून पाहिजे." आईने नवी वही काढली.

आता गोदावरीला दिसत होतं की प्रयोग हाताबाहेर गेला आहे. प्रतिज्ञापत्र मागे घेतलं तर पाच तारीख कायमची जाते, नाही घेतलं तर रिझवानचा कंप्रेसर. ती पुन्हा जिना चढली. बरोबर काहीच कागद नव्हता, म्हणून तिने स्टॅम्पपेपरचीच एक झेरॉक्स काढून आणली होती.

"ही जोडायची राहिली होती," ती म्हणाली.

सांगळ्यांनी झेरॉक्स घेतली. तिची काही गरज नव्हती हे त्यांना पहिल्या ओळीत कळलं असणार, तरी त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली.

"सांगळे, एक विचारू? ठरावात 'लेखी संमतीने' हे कुणी घातलं?"

"मी," ते म्हणाले. "अण्णा म्हणाले होते, नेहमीसारखं नुसतं 'सर्वानुमते' लिही."

"मग लेखी कशाला?"

"म्हणजे सह्या करायला एकदा तरी सगळे इथे आले असते." त्यांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. "सगळे."

खाली टायरवाल्याने हवा भरायला घेतली. 

"आता तसंही काय," सांगळे म्हणाले. "वसुलीच नाही तर वसुली कारकून कशाला? अठ्ठावीसचा समारंभ झाला की मला पिंपळगावला पाठवणार आहेत, अण्णांच्या कोल्ड स्टोरेजवर. द्राक्षांच्या पेट्या मोजायला. हे कार्यालय बंद. आणि माफी अडकली तरीही बंदच. पुढची वसुली ऑनलाइन करायची म्हणतात, त्या चौकोनावर."

आणि त्यांनी झेरॉक्सवर पोहोचेचा शिक्का मारला.

गोदावरीने तो घरी येऊन मोजला. तेवीस अंश. बहात्तर पावत्या, दोन अर्ज, एक प्रतिज्ञापत्र, एवढ्यांत तिच्या कागदावर शिक्का इतका कधीच कलंडला नव्हता. तिने कोनमापक ठेवून पुन्हा उचलला. पुन्हा तेवीस. ज्या निष्कर्षाला तीन वर्षं एकेक नमुना कमी पडत होता, तो समोर कागदावर आडवा पडला होता.

अठ्ठावीस तारखेला समारंभ एका मंगल कार्यालयात होता. आदल्या दिवशी तिथे कुणाचं तरी लग्न झालं होतं, त्यामुळे व्यासपीठावर सोनेरी पायांच्या दोन लाल खुर्च्या तशाच होत्या. त्यांपैकी एकीवर बारकूअण्णा बसले होते. दुसरी रिकामी होती आणि तिच्यावर शाली रचून ठेवल्या होत्या. कोपऱ्यातल्या टेबलाशी सांगळे इतिवृत्त लिहायला बसले होते. सभेत जो जे बोलेल ते शब्दशः लिहायचं, अशी अण्णांची ताकीद असे. समोर एकशे अकरा कर्जदार. तिसऱ्या रांगेत गोरक्षराव, आई आणि वही. धोंडाबाईंना आमंत्रण नव्हतं, म्हणून त्या पहिल्या रांगेत होत्या.

शाली वाटायच्या आधी अण्णांनी माईक हातात घेतला.

"गायधनींची पोर आली हाय का?"

गोदावरी उभी राहिली. रिझवानने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

"वर ये, पोरी. घाबरू नको. मी तुला रागवायला बोलवलं नाय." ती वर आल्यावर त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "फ्लेक्सवर लय लहान दिसती तू. हे बघ, मी चौथी शिकलेला माणूस. डोक्यावर द्राक्षाच्या पाट्या वाहिल्या, मग पेट्या विकल्या, मग स्टोरेज बांधलं. पैसा घामाचा हाय. मला वाटलं, पंच्याहत्तर झाली, आता पोरांच्या मानेवरलं जू काढावं. एकशे अकरा पोरांनी पेढं आणले. तू स्टॅम्पपेपर आणला." सभेत हसू उठलं. अण्णा हसले नाहीत. "तीन आठवडं झोप नाय मला. घरी सुना म्हणत्यात, सोडून द्या. पण मला कळू दे. माझ्या माफीत काय खोट हाय, की तू ती घेत नाय? तुझ्या अर्जात कारण म्हणून 'तत्त्व' लिव्हलंय. मला तत्त्व कळत नाय. साध्या भाषेत सांग."

म्हाताऱ्याचे डोळे पाणावले आहेत, हे तिला इतक्या जवळून स्पष्ट दिसलं. आपल्या चार मिनिटांच्या सुट्या पैशांपायी आपण एका भल्या माणसाची झोप, रिझवानचा कंप्रेसर आणि वडिलांची तीस वर्षांची इभ्रत असं सगळं पणाला लावलं, याची तिला मनापासून लाज वाटली.

तिने माईक घेतला. आधी त्याच्यावर बोटाने टकटक करून पाहिलं. उपकरण तपासल्याशिवाय ती वापरत नसे.

"अण्णा, तुमच्या माफीत काहीही खोट नाही. मला ती मंजूर आहे. प्रतिज्ञापत्र मी मागे घेते."

एकशे अकरा जणांनी एकदम श्वास सोडला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. रिझवान तिथल्या तिथे कंप्रेसरवाल्याला फोन लावायला लागला. अण्णांनी डोळे पुसून शाल उचलली, पण गोदावरीने माईक सोडला नव्हता.

"अर्जात कारण मी चुकीचं लिहिलं होतं," ती म्हणाली. "ते दुरुस्त करायचं आहे."

"आता कशाला?" अण्णा म्हणाले. "झालं की."

"कागदावर चुकीची नोंद राहू नये." ती कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळली. सांगळे मान खाली घालून लिहीत होते, 'प्रतिज्ञापत्र मागे घेते' इथपर्यंत आले होते. त्यांचे कान मात्र लाल झाले होते.

"सांगळे, पुढचं लिहून घ्या," ती म्हणाली. त्यांनी पान उलटलं, पेन टेकवलं आणि वाट पाहत राहिले. गोदावरी एकेक शब्द वेगळा काढून, त्यांना लिहायला पुरेसा वेळ मिळेल अशा बेताने बोलली, आणि माईक चालू असल्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत आणि बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या बँडवाल्यांपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

"कारण, मला तुमच्याशी लग्न करायचं आहे."